दोन वाट्या डाळ

"मॅडम, बुरा मत मानो. पण पुढच्या टायमाला मला बाजूच्या केबिनमधे पाठवा."

बन्सीशेठ हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या नव्या डाएट चार्टवर सही करत होते. त्यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. डायबेटिसचे पेशंट, चार वर्षांपासून माझ्याकडं येणारे.

"का? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं. चार्ट एकदम बराबर आहे. पण मला तो जमतच नाही. माझ्या मेव्हण्याचं बाजूच्या मॅडमकडं जमलं. म्हटलं, आपण पण बघावं."

मी फाईल पाठवून दिली. पेशंटची मर्जी असेल तर पाठवावीच लागते. पण त्या दिवशी डबा उघडला नाही.

मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका खासगी हॉस्पिटलात सीनियर डाएटिशियन आहे. डॉक्टर पेशंट तपासतात, औषधं लिहितात आणि जेवणाखाण्याचं बघायला आमच्याकडं पाठवतात. एकवीस वर्षं मी हेच करते आहे. बाजूच्या केबिनमधली सविता येऊन तेव्हा पाच महिने झाले होते. कन्नडकडच्या पिशोर गावची मुलगी. घरची शेती, शिक्षण इथं हॉस्टेलवर राहून. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की ती कायम होणार होती.

आमच्या दोन केबिनमधे प्लायवूडचं पार्टिशन आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. आमच्या कामात पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं? याला आम्ही रिकॉल म्हणतो. माझ्यासमोर प्रत्येक पेशंटचं उत्तर एकच. दोन फुलके, वाटीभर भाजी, काकडी. साखर मात्र अडीचशेच्या वर. पलीकडं सविता हाच प्रश्न विचारायची आणि पेशंट सांगायचा, "काल लगन होतं ना ताई, पाच गुलाबजाम हाणले." मग दोघंही हसायचे.

ते हसू मला सहन व्हायचं नाही. मी तेव्हा पंखा वाढवायची.

ओपीडीच्या दिवशी तिच्या दाराबाहेर बाक पुरत नव्हता. माझ्या दाराबाहेर बसायला जागा असायची. एकदोघं चुकून माझ्याकडं डोकावले आणि "सविताताई कुठं बसतात?" असं विचारून गेले. मी हातानंच दाखवलं.

शेवटी मी डॉक्टरांकडं गेले. आमचे डॉक्टर कमी बोलतात, आणि बोलताना समोरच्याकडं बघत नाहीत. कागद बघतात.

"सर, सविता पेशंटला चार्टच देत नाही."

"मग काय देते?"

"गप्पा मारते. कॅलरी नाही, वजनाचा हिशोब नाही. प्रोटोकॉल म्हणून काही आहे की नाही?"

"तिच्या कन्फर्मेशनच्या आधी मला रिपोर्ट लागणारच आहे. तिच्या वीस फाईली काढा, बघा. बुधवारपर्यंत द्या."

मला हेच हवं होतं.

सोमवारी ओपीडी संपल्यावर मी फाईली घेऊन बसले. चार्ट एकाही फाईलमधे नव्हता. दर भेटीला एकच ओळ लिहिलेली. 'दुकानात गिऱ्हाईकाबरोबर पहिलाच चहा. नंतर गिऱ्हाईकाला चहा, आपल्याला पाणी.' 'रात्रीचं जेवण आठला, मुलाची वाट न बघता.' 'शेवेचा डबा माळ्यावर.' पुढच्या भेटीच्या तारखेखाली 'जमलं' किंवा 'नाही जमलं', आणि नाही जमलं तर का, ते पेशंटच्याच शब्दांत. एका फाईलमधे लिहिलं होतं, 'सासूबाई म्हणतात, घरात कोण मेलंय का की तू गोड खाईना.'

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते, एचबीएवनसी. पेशंट सुधारतोय की नाही ते तिच्यावरून कळतं, कारण एक दिवस उपाशी राहून ती फसवता येत नाही. वीसपैकी बहुतेकांची ती खाली आलेली होती. फार नाही, पण आलेली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं परत येत होती. माझ्या फाईलींमधे तिसऱ्या भेटीचं पान सहसा कोरंच असतं.

मी काय वाचते आहे ते मला नीट कळत होतं. तरी मी पानं उलटत राहिले, काहीतरी सापडावं म्हणून.

सतराव्या फाईलमधे सापडलं.

कौसाबाई, वय साठच्या आसपास, कन्नड तालुक्यातल्या. शेळ्यामेंढ्या राखणारं घर. साखर वाढलेली आणि अंगात ताकद नाही अशी तक्रार. सवितानं तीन आठवड्यांपूर्वी ओळ लिहिली होती: 'भाकरी एक कमी, डाळ दोन्ही वेळा वाटी भरून, मूठभर शेंगदाणे.' एरवी चांगला सल्ला. पण फाईलच्या मागं रक्ताचा एक रिपोर्ट लावलेला होता. भेटीनंतर दोन दिवसांनी आलेला. त्यात क्रिएटिनिन वाढलेलं होतं. किडनी रक्तातला कचरा बाहेर टाकते. तिचं काम मंदावलं की क्रिएटिनिन रक्तात साचतं. अशा पेशंटला डाळ, शेंगदाणे मोजून द्यावे लागतात, कारण जास्तीच्या प्रोटीनचा भार किडनीवर पडतो. म्हणजे सवितानं सांगितलेलं बाईंनी मनापासून पाळलं असेल, तर तेच त्यांना नडणार होतं.

मला आनंद झाला. हा शब्द मी बदलून पाहिला. दुसरा बसत नाही.

सविता पलीकडंच होती. उठून दोन पावलं जायचं होतं. मी गेले नाही. रिपोर्टमधे तो मुद्दा पहिल्या क्रमांकावर लिहिला आणि खाली रेघ ओढली.

मंगळवारी तीच माझ्या दारात आली. "मॅडम, माझ्या फाईली तुमच्याकडं आहेत म्हणे. काही चुकलं असेल तर सांगा हं. मला लगेच दुरुस्त करता येईल."

"बघते. रिपोर्ट होऊ दे," मी म्हटलं.

बुधवारी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. पहिल्या मुद्द्यावर थांबले. कौसाबाईंची फाईल मागवली, रक्ताचा कागद वर धरला.

"हे गंभीर आहे."

"हो सर. म्हणूनच मी वर घेतलं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज काय आहे?"

"बुधवार."

"पेशंटला फोन केलात?"

पहिल्यांदाच त्यांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडं बघितलं.

"हा कागद माझ्याही टेबलावरून गेला असणार. मीही चुकलो. सवितानं तो परत उघडून बघितला नाही, ती चुकली. पण आम्हाला दोघांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, मॅडम. दोन दिवस ती बाई डाळ खात होती आणि तुम्ही टायपिंग करत होता. आधी फोन करा. बाकीचं नंतर."

केबिनमधे येऊन मी फोन लावला.

"कौसाबाई, मी हॉस्पिटलमधून बोलते. तुम्ही डाळ खाताय का?"

"खाते की. दोन्ही वक्ताला, वाटी भरून."

"ती आता कमी करायची. शेंगदाणे बंद. उद्या येऊन रक्त तपासून जा."

"तुम्ही कोण म्हणायचं?"

मी नाव सांगितलं, सीनियर डाएटिशियन आहे म्हणाले.

"मला सविताताईनं सांगितलंय खायला. तिनं हाताची मूठ धरून दाखवली मला, किती शेंगदाणे ते. तुम्हाला मी वळखत नाय. उगं फोनवर कुणी बी काय बी सांगतं आजकाल."

फोन ठेवला तिनं. पुन्हा लावला तर उचलला नाही.

शिक्षण आणि एकवीस वर्षांचा अनुभव माझ्याकडं होता. बाईला नेमकं किती खायचं ते मला कळत होतं. पण ते तिच्या पोटापर्यंत न्यायला मला बाजूच्या केबिनचंच दार वाजवावं लागणार होतं. त्या क्षणीही मला सविताचा हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते.

पलीकडं जाऊन सवितासमोर फाईल उघडून ठेवली. तिनं कागद वाचला. चेहरा उतरला.

"हा कधी आला? मी पाहिलाच नाही." मग वर बघून, "मॅडम, तुम्ही कधी पाहिलात?"

"सोमवारी."

"मी काल विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

मला वाटलं, आता ती बोलेल. पण तिनं आधी फोन उचलला.

"मावशी, मी सविता. अहो, माझी चूक झाली. तुमचा रक्ताचा कागद मी बघितलाच नव्हता. डाळ जास्ती सांगितली मी. ते थांबवायचंय."

फोनमधून आवाज आला, "मंग खाऊ काय मी?"

सवितानं फोनवर हात ठेवला. "मॅडम, किती द्यायची?"

फाईलमधे वजन होतं. मी तोंडी हिशोब केला. "एकाच वेळी, अर्धी वाटी, पातळ. शेंगदाणे नकोत. भाकरी आहे तेवढीच ठेव, दुधी-दोडक्याची भाजी वाढव. उद्याच्या तपासणीनंतर पुन्हा बघू."

"मावशी, सकाळच्याला अर्धी वाटी, पातळ. राती डाळ नाय, दोडकं खा. शेंगदाणे नातवंडांना द्या. अन् उद्या या. मी हाय इथं."

"व्हय. येते. आत्ताच एका बाईचा फोन आलता, ती बी असंच म्हणत होती."

"त्या आमच्या मोठ्या मॅडम हायेत, मावशी. त्यांनीच तर चूक धरली."

तिनं माझी बाजू घेतली. मी तिची घेतली नव्हती.

कौसाबाई दुसऱ्या दिवशी आल्या. क्रिएटिनिन होतं तिथंच होतं, आणखी वाढलेलं नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. सविताचं प्रोबेशन तीन महिन्यांनी लांबवलं. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. माझा रिपोर्ट मी मागं घ्यायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. त्यात खोटं काही नाही. फक्त तारीख घाला, कधी कळलं ती." मी तारीख घातली.

ती मुदत संपल्यावर सविता कायम झाली. आता लॅबचे सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडं येतात, मी खुणा करते, मग फाईल ज्याची त्याच्याकडं जाते. सविता माझ्याशी नीट बोलते, कामापुरतं. 'लगेच दुरुस्त करता येईल' असं मात्र ती मला पुन्हा कधी म्हणाली नाही.

मीही चार्ट द्यायच्या आधी विचारून बघते, मागच्या वेळचं काय जमलं नाही? जुने पेशंट अजून "सगळं जमलं मॅडम" असंच सांगतात. त्यांना दोष देत नाही. वीस वर्षं मी त्यांना खरं बोलल्याबद्दल रागावत आले. परवा एकीनं खाली बघत कबूल केलं, की ती रोज रात्री पेढा खाते. मी पेन खाली ठेवलं आणि कुठल्या दुकानाचा ते विचारलं.

हेवा गेला का, असं कुणी विचारलं तर नाही गेला. पण त्यावर एक नियम करून घेतला आहे, आणि तो या धंद्यातल्या कुणालाही सांगेन. सहकाऱ्याची चूक सापडली आणि आपल्याला बरं वाटलं, तर त्याच मिनिटाला फोन उचलायचा. रिपोर्ट नंतरही लिहिता येतो.