आक्कांचं प्रस्थान

“मॅडम, आक्काचा पासपोर्ट तुमच्याकडंच ऱ्हायलाय!”

शुक्रवारी सकाळी साडेसहाला सुभाषरावांचा फोन. मी दात घासत होते. दहा वाजता त्यांची गाडी मुंबईला निघणार, संध्याकाळी विमान, आणि शनिवारी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर यॉटमध्ये चढायचं.

“शक्यच नाही,” मी चूळ भरून म्हणाले. “सहाच्या सहा पासपोर्ट मोजून दिलेत. तुमची सही आहे माझ्याकडे.”

“सही हाय वो, पन पासपोर्ट न्हाई ना!”

वीस वर्षं झाली मला संगमनेरात ट्रॅव्हल एजन्सी चालवून. अष्टविनायक, चारधाम, फार तर दुबई. यॉट हे प्रकरण पहिल्यांदाच अंगावर घेतलं होतं. सुभाषराव डाळिंबवाले. त्यांची मुलगी श्रुती जर्मनीत नोकरीला. चार वर्षांत आजीची, म्हणजे आक्कांची, भेट नाही. तिला एकच आठवडा रजा मिळत होती, म्हणून तिनंच टूम काढली की आज्जीला घेऊन सगळे या, बोटीवर राहू.

यॉट म्हणजे शिडाची बोट. आत चार छोट्या खोल्या आणि कपाटाएवढं स्वयंपाकघर. चालवायला स्किपर मिळतो, म्हणजे बोटीचा ड्रायव्हरच म्हणा. बोट शनिवार ते शनिवार मिळते. सकाळी जुनं गिऱ्हाईक उतरतं, बोट धुतात, संध्याकाळी नवं चढतं. मधल्या वारी कितीही गयावया करा, मिळत नाही. शिवाय कडक सुटकेस चालत नाही, ठेवायला जागाच नसते. घडी होईल अशी मऊ बॅग हवी. हे ऐकून मंगलवहिनींचं, म्हणजे सुभाषरावांच्या बायकोचं, तोंड एवढंसं झालं. त्यांनी चाकांच्या चार नव्या कोऱ्या बॅगा आणून ठेवल्या होत्या.

फॉर्म भरताना मी विचारलं, “आक्कांना गाडी लागते का?”

“न्हाई लागत,” सुभाषराव म्हणाले.

“जेवणाचं काय?”

“भाकरी चालती. लई न्हाई लागत तिला.”

सुभाषरावांच्या आई, आक्का, माझ्या समोरच्याच खुर्चीत पदर सावरून बसल्या होत्या. मीही आपली लिहीत गेले.

तिकिटं हातात आली तेव्हा मात्र आक्का पहिल्यांदा बोलल्या.

“शुक्रवारी अमुशा हाय. मी उंबरा वलांडायची न्हाई.”

झालं! सुभाषरावांनी समजावलं, वहिनींनी हात जोडले, श्रुती व्हिडिओ कॉलवर रडली. आक्का ढिम्म. श्रुतीची रजा बदलेना, बोटीचा शनिवार बदलेना, आणि अमावस्या काय, ती कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

अशा वेळी माझी आजी काय करायची, ते मला एकदम आठवलं. प्रस्थान! निघायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही त्याच दिवशी निघालात असं धरतात. मग जायच्या दिवशी ती उचलायची आणि पुढं जायचं. मात्र ठेवलेलं उघडायचं नाही आणि घरी परत न्यायचं नाही.

“व्हय की!” आक्कांचा चेहरा उजळला. “माजी सासू बी ठिवायची. पर कुनाकडं ठिवू?”

“माझ्याकडे. गावाबाहेर नाशिकच्या रस्त्यालाच घर आहे, तुमच्या वाटेवर.”

बुधवारी आक्का खणात बांधलेलं गाठोडं घेऊन आल्या. मी ते देवघरात ठेवलं. काय हुशार बाई मी, असं स्वतःलाच म्हणत दोन दिवस हवेत होते.

आणि आता हा फोन. सुभाषराव थेट ऑफिसला आले. आम्ही फायली उपसल्या, झेरॉक्स मशीन भिंतीपासून ओढलं, कचऱ्याची बादलीसुद्धा पालथी केली. पासपोर्ट हरवला म्हणजे पोलिसात तक्रार, नवा पासपोर्ट, नवा व्हिसा. कित्येक आठवडे गेले. सुभाषराव मटकन खुर्चीत बसले.

“आक्का न्हाई तर कुनीच न्हाई जायाचं,” ते म्हणाले. “पोरगी आजीची वाट बघत बसलीय वो. काय सांगू तिला?”

घरी वहिनींनी कपाटं, गाद्या, तांदळाचा डबा, सगळं धुंडाळलं होतं. नऊ वाजले.

“आक्का काय म्हणतायत?” मी विचारलं.

“ती काय म्हननार? बसलीय वट्यावर, नवं लुगडं नेसून.”

“त्यांना विचारलं का?”

“तिला काय इचारायचं?”

मी वहिनींना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आक्कांना द्यायला सांगितला.

“आक्का, तुमचा पासपोर्ट कुठंय?”

“तुझ्या देवघरात, गाठोड्यात. बुधवारीच निघाला त्यो. ज्याच्या जोरावर जायाचं त्योच घरी ठिवला, तर ते कसलं परस्थान?”

“अहो, मग सांगायचं ना! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय आमचा.”

“मला कुनी इचारलं?”

सुभाषराव घराकडे पळाले. मीही माझ्या.

साडेदहाला गाडी माझ्या दारात थांबली. आक्का स्वतः उतरल्या आणि गाठोडं घेतलं. “एकदा उघडून बगू तरी,” सुभाषराव काकुळतीनं म्हणाले. “उघडायचं नसतं,” आक्का म्हणाल्या. शेवटी सुभाषरावांनी बाहेरूनच चाचपून खात्री केली. गाठ सुटली ती थेट मुंबईला, विमानतळाच्या दारात.

पुढं सगळं बेस झालं. पहिल्या दिवशी पाच जण बोटीच्या कठड्याला धरून ओकत होते. आक्का स्किपरच्या शेजारी, नातीचा हात धरून बसल्या होत्या. बोटीवर चपला घालायच्या नसतात, हे फक्त त्यांना सांगावं लागलं नाही.

आता माझा नियम आहे. ज्याचा फॉर्म, त्याचंच उत्तर. मुलगा मध्ये बोलला की मी त्याला समोरच्या हॉटेलात चहाला पिटाळते.

परत आल्यावर एका दुपारी आक्का एकट्याच ऑफिसात आल्या.

“कशी झाली हो आक्का सहल?”

“आठ दिस झालं यिऊन,” त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. “तूच पयली इचारनारी.”

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि दोन चहा सांगितले.