पाणीमास्तरांची एक नोंद

पाणीमास्तर गेले, तेव्हा त्यांच्या बहिणीने बंदराच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनाला गाठलं. "भाऊ, तुम्ही एवढी वर्षं शेजारी बसलात, त्याच्याबद्दल चार ओळी लिहून द्या." कारकून हो म्हणाला आणि घरी कोऱ्या कागदासमोर अडून बसला. सव्वीस वर्षं भिंतीला भिंत लावून काम केलं, पण मास्तरांविषयी त्याला माहीत होतं ते पोस्टकार्डावर मावून वर जागा उरली असती.

काम दिसायला सोपं. धक्क्याच्या कडेला पाण्यात आकडे रंगवलेला खांब होता. भरतीला पाणी किती, ओहोटीला किती, ते रोज वाचून वहीत लिहायचं. त्या आकड्यांवर जहाजं आत यायची, जहाजांतल्या कोळशावर भट्ट्या पेटायच्या आणि भट्ट्यांवर अख्खं शहर जेवायचं. तरी क्रेनवाले चिडवायचेच, "काय मास्तर, समुद्र आज हजर का?"

"हजर आहे. तुमच्यासारखा उशिरा नाही येत."

बंदराला दीडशे वर्षं झाली, तेव्हा साहेबांनी इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलं. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात पाणी जिथवर चढलं होतं, तिथे धक्क्यावर पितळी पट्टी आणि तिच्यावर आकडा नोंदवणाऱ्या मास्तरांचं नाव लावायचं होतं. नवी संरक्षक भिंतही त्याच आकड्यावरून बांधायची होती.

त्या दुपारी मास्तर कारकुनाच्या टेबलाशी आले. "एक अर्ज टाइप करून द्या."

"कसला?"

"वादळाच्या दिवशी मी खांबापाशी नव्हतो. बहीण तळमजल्यावर अडकली होती, तिला काढायला गेलो. दुसऱ्या दिवशी भिंतीवरची ओल बघून अंदाजाने आकडा टाकला. वर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले'."

कारकुनाची बोटं यंत्रावरच थांबली. "मास्तर, वीस वर्षं झाली. कोण विचारतंय? पितळेवर नाव लागतंय, गप्प बसा की."

"नाव माझं लागेल हो. भिंत तोकडी पडली तर घरं लोकांची बुडतील."

अर्ज गेला. साहेबांनी मास्तरांना उभं करून खडे बोल सुनावले. पट्टी लागली नाही, पुस्तकातलं त्यांच्यावरचं पानही गळलं. इंजिनियरांनी मात्र मुकाट्याने भिंत हातभर वाढवली. क्रेनवाल्यांनी आठवडाभर चिडवलं नाही, हेच मास्तरांना जास्त लागलं असावं. 'असावं' एवढंच म्हणता येईल. कारकुनाने कधी विचारलं नाही.

मग तो मास्तरांच्या आयुष्यातला शेवटचा शनिवार. कारकुनाने नेहमीसारखा दोन चमचे साखर घातलेला चहा पलीकडे पाठवला. मास्तर कप घेऊन दारात आले.

"खरं बोलायला लागलोच आहे, तर हेही सांगून टाकतो. मला चहात साखर आवडत नाही."

"अहो, सव्वीस वर्षं प्यायलात की!"

"तुम्ही एवढ्या अगत्याने पाठवायचात."

"बरं, सोमवारपासून बिनसाखरेचा."

"चालेल. आजचा पितो."