सहा वाजता ती कुठे होती

रेगेन्सबर्गला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चाचणी विभागाचा प्रमुख होतो. इथे दिवसाला दहा तासांच्या वर काम करायला कायद्याने मनाई आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं. दुसऱ्या आठवड्यात मी पळवाट काढली. दहा तास भरत आले की दारापाशी जायचं, घरी गेल्याची नोंद व्हावी म्हणून हजेरीच्या मशीनला कार्ड लावायचं आणि परत आत यायचं. जर्मन सहकारी असं करत नाहीत. ही आम्हा मराठी इंजिनियरांची कला. "कार्ड घरी पाठव, तू थांब," हा माझा विनोद. नव्या मुलांना मीच ऐकवायचो, आणि मुलंही हसायची.

मागच्या हिवाळ्यात सोलापूरची एक मुलगी आमच्याकडे लागली. नोकरी अजून पक्की व्हायची होती. तिलाही मी हेच शिकवलं. एका संध्याकाळी कार्ड लावून ती परत आली, आणि सहाच्या सुमारास चाचणीयंत्राची पकड सुटून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. मी तीन पावलांवर उभा होतो.

कामावरचा अपघात ठरला, तर उपचार, पुन्हा उभं राहण्यासाठी लागणारी मदत, हात अधू राहिला तर पेन्शन, सगळं अपघात विम्यातून होणार होतं. पण कार्ड सांगत होतं की ती पाऊण तास आधीच घरी गेली.

माझ्या वरच्या जर्मन साहेबांनी मला बोलावलं. "आल्झो, तर मग, सोपं आहे. काहीतरी विसरली म्हणून परत आली, आणि उगाच मशीनला हात लावला. साक्षीदार म्हणून तुम्ही एवढंच लिहा. मग तुमच्या विभागात कोण कधी कार्ड लावतं, हे कुणी विचारणार नाही."

हॉस्पिटलमध्ये तीही तेच म्हणाली. "दादा, लिहून टाका. तुमची नोकरी कशाला घालवता?"

"आणि हात?"

"डावा आहे की."

ती हसली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी लेक शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय औद्योगिक क्रांती. वाफेचं इंजिन, यंत्रमाग, मग कामगारांचे कायदे. ती जर्मनमध्ये वाचत होती, मी मराठीत विचारत होतो. पूर्वी चूक मालकाची होती हे जखमी मजुरालाच सिद्ध करावं लागे, नाहीतर हाती काही नाही. विमा आला आणि चूक कुणाची हा प्रश्नच मागे पडला.

"आणि हा मजूर कामावरच नव्हता, असं मालक म्हणाला तर?"

तिने मान वर न करता जर्मनमध्येच सांगितलं, "मग कुणीतरी बघितलं असेल ना, पप्पा."

कॉलेजात आम्ही वाफेच्या इंजिनाचा एकेक झडप-दांडा काढायला शिकलो. त्या इंजिनाशेजारी उभ्या राहणाऱ्यांनी दिवसाचे तास कमी करून घ्यायला किती मार खाल्ला, यावर दहा मार्कांचा प्रश्न कधी आला नाही. त्यांनी मिळवलेलं मी स्वखुशीने परत करत होतो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आम्ही जास्त राबतो, हे दाखवायची हौस होती. ती हौस मी त्या सोलापूरच्या मुलीच्या बोटांवर भागवली.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: सहा वाजता ती मशीनवर काम करत होती. मी सांगितलं म्हणून करत होती. कार्ड लावून परत यायला मीच शिकवलं, आणि इतकी वर्षं स्वतःही तेच केलं. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे, बेट्रीब्सराटकडे, आधीच देऊन आलो होतो.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे तुमच्याच विरुद्ध जातं, कळतंय ना?"

"गेनाऊ," मी म्हणालो, अगदी बरोबर.

माझं प्रमुखपद काढून घेतलं. घ्या म्हणावं. तिचा अपघात कामावरचा ठरला. बोटं अजून पुरती मिटत नाहीत, आणि त्याबद्दल मला माफ केलं असं तिने म्हणावं, ही अपेक्षा मी ठेवलेली नाही.