एसीतलं ट्यूनिंग
ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा धूर नाकात गेला की मला सौदीतल्या हफ्र अल बातिनचं ते गॅरेज आठवतं आणि तोंड कडू होतं. आमच्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरबी मालकाच्या, लाडक्या मुलाने बर्फावर पळवायची टर्बो गाडी मागवली होती, वाळूच्या टेकड्यांवर उडवायला. तिथे बर्फ फक्त सरबताच्या ग्लासात, पण हौसेला कोण अडवणार! कार्ब्युरेटर जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "गाडी बाहेर घेऊ. गरम हवा विरळ असते, तिला पेट्रोल कमी लागतं." आमच्याच रत्नागिरीकडचा सुपरवायझर डाफरला, "शहाणपणा बास. छोट्या शेखना घाम येईल. एसीतच कर." छोटे शेख खुर्चीत मोबाइल चाळत "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होते. त्या गारव्यात मी असं ट्यूनिंग केलं की इंजिन एका लयीत गुरगुरू लागलं. सुपरवायझरने टाळ्या पिटल्या, जणू हात त्याचेच काळे झाले होते. मग भर उन्हात, निम्म्या चढावर गाडीने काळा धूर ओकला, आचके दिले आणि बंद पडली. शेख ढुंगणावर घसरत खाली आले. "सगळं या मेकॅनिकचं चुकलं," सुपरवायझर त्यांना अरबीत पटवू लागला. दोघांची मला आजही किळस येते. पण त्या क्षणी मी मान खाली घालून "हां साहेब, चुकलं माझं" म्हणालो, कारण माझ्या सुट्टीच्या कागदावर त्याची सही व्हायची होती. आता जुबैलच्या गॅरेजात माझ्या हाताखालची माणसं म्हणतात, मिस्त्री फार तोडून बोलतो. त्यांनी माझं ते "हां साहेब" ऐकलेलं नाही.