गंगाकाठची पांढरी टरबुजं

बेल्याहून निघून गंगेच्या काठाकाठानं चेन्नूरपर्यंत जायचं हे मी नाही, आमच्या गल्लीतल्या गिरजाकाकूनं ठरवलं. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. काकूचं माहेर पैनगंगेच्या काठी, सासरही पैनगंगेच्याच काठी. लग्नात दौलतकाकांनी 'तुले गंगा दाखवीन' असा शब्द दिला होता आणि पुढं दर उन्हाळ्यात त्यांची डांगरवाडी आडवी आली. नदीच्या रेतीत टरबूज-खरबूज लावणाऱ्या माणसाला उन्हाळाभर रेती सोडता येत नाही. त्या वर्षी मात्र पुरानं पात्र सरकलं, काकांच्या वाट्याची रेती वाहून गेली आणि माणूस जन्मात पहिल्यांदा रिकामा झाला. काकू म्हणाली, आता कोणतं निमित्त सांगता?

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. तेव्हा तेलंगण नव्हतं, आंध्र होतं, आणि निर्मल, मंचेरियाल सगळं आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, प्रॅक्टिकलमध्ये सर माझ्या बापाबद्दल काहीतरी बोलले म्हणून ॲप्रन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. चुलत्याची जीप बेला-आदिलाबाद चालवत होतो. काका-काकूंची धाकटी रेखा रोज त्याच जीपनं शिवणक्लासला जायची. तिच्यासाठी पुढची सीट राखताना अर्ध्या तालुक्याशी माझी भांडणं झाली होती.

काकांनी सहलीला माझीच जीप सांगितली तेव्हा मी हवेत होतो. रेखानं खाली उतरवलं. "बाबा गाडी नाही, तुले पाहून राह्यले," ती म्हणाली. "तीन दिवस डोकं थंड ठेवलं तं मी आईजवळ गोष्ट काढते. नाही तं मावशीनं आणलेलं वणीचं स्थळ तयारच हाय." ती घरीच राहणार होती, म्हणून तिनं सुपारीची पुरचुंडी हातात दिली. राग आला की एक खांड तोंडात टाकायचं. तोंड भरलेलं असलं की शिवी निघत नाही, हे तिचं शास्त्र.

पहिला दिवस आदिलाबाद, इच्चोडा, नेरडीगोंडा आणि मग महबूब घाट. हल्ली रुंद रस्त्यावरून लोक हा घाट झोपेत ओलांडतात. झोपू नका. पळस फुललेला असला तर डोंगराला कोणी शेंदूर फासलाय असं वाटतं. तेव्हा रस्ता अरुंद, वळणावर समोरून लॉरी, आणि मागून काकांचा आवाज, "सुभाष, हळू." मी हळूच होतो. आणखी हळू गेलो असतो तर गाडी मागं आली असती. पहिली सुपारी घाटात संपली. जीपचा सायलेन्सर गळून पडलेला असल्यानं मागच्या सीटवर कुजबुजायचं तरी ओरडावं लागे. त्यामुळं माझ्याबद्दलची सगळी गुपितं मला नीट ऐकू येत होती. "गेअर लय जोरात टाकते," काका गुपचूप ओरडले.

निर्मल, भैंसा करत संध्याकाळी बासरला पोचलो. सरस्वतीचं दर्शन गर्दीत उरकलं, पण काकू घाटावरून हलेना. तिनं नदीची ओटी भरली, खण-नारळ वाहिला आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. म्हणाली, "एवढी मोठी, आन् चालते किती हळू." काकांनी तेवढ्यात पुलाखालच्या रेतीत वेल पाहिले होते. धोतर वर करून ते तिकडं निघाले, एक टरबूज उचललं, कानाशी धरून टिचकी मारली. "भद्द वाजलं. लालभडक निघन पाय."

कापलं. पांढरं.

"इथली हवा येगळी हाय," काका म्हणाले. आम्ही ते धर्मशाळेबाहेरच्या गाईला दिलं.

दुसऱ्या दिवशी परत निर्मल, तिथून सोनचा जुना दगडी पूल पाहून खानापूर, कडेम, जन्नारम, लक्सेट्टीपेट. जाणाऱ्यांसाठी सांगतो, रस्ता सगळा वेळ नदीला धरून नाही. ती सागाच्या रानाआड जाते, भाताच्या शेतांमागून डोकावते, आणि विसरलात की एकदम पुढ्यात येते. आमची अडचण अशी की ती आली की काकू म्हणायची थांबव, आणि रेती आली की काका. काकू काठावर बसून पाणी बघायची, काका परक्या डांगरवाड्यांत शिरून तोडक्या तेलुगूत खताची चौकशी करायचे. एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. गाडीवानानं गाडी बिघडली का म्हणून विचारलं. पुढच्या थांब्यावर तीच गाडी पुन्हा पुढं गेली, तेव्हा तो नुसता हसला. मी दोन खांडं एकदम टाकली.

आणि दर थांब्याला टरबूज. दर टरबुजाला टिचकी, कान, "हे पाय, हे पिकलं." कापलं की पांढरं, फार तर बिया काळ्या धरायला लागलेल्या. एकदा पाणी जास्त होतं, एकदा बियाणं हलकं होतं, एकदा माझ्या जीपचा आवाज अजून कानात होता. मंचेरियालला जेवण मात्र झकास. केळीच्या पानावर भाताचा डोंगर, पप्पू म्हणजे घट्ट वरण, आणि आंब्याचं असं लोणचं की काका घामेघूम झाले आणि पुन्हा मागितलं. खिशाला परवडणारं आणि पोट फुटेपर्यंत. आजही तिकडं गेलात तर पानावरच जेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेन्नूर. इथं गंगा उत्तरेला वाहते, म्हणून स्नानाचं मोठं महत्त्व. पाणी उथळ, रेती दूरवर पांढरी, आणि काकूला नदीनं दिशा बदलली याचंच नवल. "बाई माहेराकडं वळली वाटते," म्हणाली. मी सुखात होतो. अडीच दिवस पार पडले होते, पुरचुंडी रिकामी होती, पण आता फक्त घरी जायचं होतं.

तिथल्या डांगरवाडीत काकांनी टिचकी मारली. वाडीवाला हसत हिंदीत म्हणाला, कच्चं आहे. काकांनी पुन्हा टिचकी मारली. तो म्हणाला, "काका, कितना बी ठोको, अंदर कोई नई हय."

तिथं माझं डोकं फिरलं. बापाच्या वयाच्या माणसाला असं बोलतो, म्हणून मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मी मराठीत भांडत होतो, तो हिंदी सोडून तेलुगूत. एकमेकांचं काही कळत नसल्यानं भांडण बरंच लांबलं. शेवटी काकांनी मला दंडाला धरून जीपकडं ओढत नेलं. वाडीवाला मागून आला, वेलीवरून तोडलेलं एक टरबूज माझ्या सीटखाली ठेवलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला. काकांनी त्या टरबुजालाही टिचकी मारलीच. म्हणाले, "कच्चं."

जन्नारमवरून उटनूरचा रस्ता धरला. आजूबाजूला सुंदर रान असावं. मी पाहिलं नाही. मला वणीचा नवरदेव दिसत होता, बाशिंगासकट. घाट चढताना मागं काकांनी गुपचूप ओरडायला सुरुवात केली.

"पोरगं कच्चं हाय. कालेज सोडलं, आता नदीवर लोकाइची गचांडी धरते. वणीवाल्याले हो म्हणून टाकू."

काकू पुढं सरकून बसली. मग तिचा आवाज आला, इंजिनाच्याही वर.

"बासरपासून तुमी जे जे पिकलं म्हणलं, ते ते पांढरं निघालं. आता तुमी या पोराले कच्चं म्हनून राह्यले. मंग मी काय समजू?"

मी आरशात पाहिलं. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काकू थांबली नाही. "आन् तो भांडला कोनासाठी? वणीवाला भांडला असता तुमच्यासाठी?"

उटनूरला काकांनीच गाडी थांबवायला सांगितली. तिथं चहाला उतरलो तेव्हा त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि विचारलं की सायलेन्सर बसवायला काय लागतं. मी म्हणालो, बसवतो काका. ते म्हणाले, "लवकर बसव. माह्यं काहीच गुपित राहून नाही राह्यलं."

दिवेलागणीला बेल्यात पोचलो. रेखा दारात. आईचा चेहरा बघू की माझा, हे तिला ठरवता येईना. काकूनं सीटखालचं टरबूज काढलं आणि तिच्या हातात दिलं. "काप. तुह्ये बाबा म्हनतात कच्चं हाय."

रेखानं विळी लावली. आम्ही चौघंही वाकलो. लाल नव्हतं. पांढरंही नव्हतं. गुलाबी होतं.

काकांनी एक फोड उचलली, चावली, वेळ लावून गिळली. माझ्याकडं पाहिलं.

"चालन," ते म्हणाले.

मी "काका" म्हणून काहीतरी बोलायला गेलो, तर काकूनं अडवलं. "आता मामाजी म्हन."

त्या वाटेनं नंतर कितीदा गेलो, चांगल्या गाडीनं, चांगल्या रस्त्यानं. बासरच्या घाटावर थांबलो, सोनच्या पुलावरून खाली पाहिलं. नदी तेवढीच हळू आहे, घाई आपलीच असते. एवढी अक्कल आली. राग काही गेला नाही, रेखा अजून सुपारी फोडून ठेवते. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, रेती परत मिळाली नाही, पण उन्हाळा लागला की बाजारातून टरबूज तेच आणतात, कानाशी धरून, टिचकी मारून. आम्ही काही बोलत नाही. मीठ लावून खातो.