गुलाबी चिठ्ठीच्या प्रती

चुकलेलं पुस्तक मोलाचं आणि तीच चूक दुरुस्त केलेलं पुस्तक दुय्यम, हा न्याय तुम्हाला मान्य आहे का?

मी हा न्याय स्वतःच्या हातानं वेबसाइटवर मांडला होता, म्हणून विचारते.

मी शाळेत होते तेव्हा आमच्या शहरात छापलेली एक पुस्तकमालिका होती. तिच्यात वाचणाराच नायक. प्रत्येक परिच्छेदाला नंबर आणि शेवटी निवड: पूल ओलांडायचा तर ११२ वर जा, नदीत उतरायचं तर ३९ वर. निवड चुकली की मेलात, पुन्हा पहिल्यापासून. आता ती पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. ती जमवणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याचा ॲडमिन वाळूजला सुपरवायझर आहे आणि कंपनीच्या बसमधून व्हॉइस नोट पाठवतो. मी वेबसाइट बनवते हे कळल्यावर त्यानं मला गाठलं.

ग्रुपचा सगळा जीव तिसऱ्या भागात. त्यात भुयारातून बाहेर पडायचं असतं. परिच्छेद ८८ मध्ये ‘डावीकडचं दार उघडायचं तर २१४ वर जा’ असं छापलंय. हवं होतं २४१. २१४ वर गेलात की पाण्यात पडता आणि परत भुयाराच्या सुरुवातीला येता. २४१ वर जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे त्या पुस्तकातून कुणीच बाहेर पडू शकत नाही. ॲडमिननं सहावीची अख्खी सुट्टी त्यात घालवली होती. “ताई, मला वाटायचं मीच ढ आहे,” असं तो हसत सांगायचा. माझ्या वाट्याला हा भाग कधी आलाच नव्हता. पप्पा त्याच प्रेसमध्ये कामाला होते, बाकीचे भाग त्यांनी घरी आणले होते, हा नाही. ते तिथं नेमकं काय करायचे आणि हा भाग का नाही आणला, ते मी कधी विचारलं नाही.

काही प्रतींमध्ये त्या नंबरावर गुलाबी कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावर २४१. ग्रुपच्या मते या प्रती खराब झालेल्या. मी तसे वर्ग केले. बिनचिठ्ठीची ती ‘अस्सल’. चिठ्ठीवाली ती ‘डागी’. ही छापील चूक दाखवणाऱ्या पानावर जायला एक बटण केलं, त्याच्यावर झोपलेल्या प्रूफरीडरचं चित्र काढलं, नाकात फुगा. ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. मग ॲडमिन म्हणाला, चिठ्ठी केटलीच्या वाफेवर धरून कशी काढायची तेही लिहा, म्हणजे डागी प्रत अस्सल होईल.

रविवारी दुपारी मी ते लिहीत बसले होते. पडेगावच्या आमच्या घरात टेबल एकच, पप्पा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“वाफेनं धड नाय निघायची ती. डिंक हाय. कागद फाटंल.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच चिकटवली ना, बाई.”

त्यांनी बोट पुढं करून झोपलेल्या माणसाला टेकवलं. “आन् हा मी व्हय? मिशा राहिल्या.”

आमच्या घरात पुस्तकं नंतर आली, पत्रकं आधी. जयंतीची, नळाची, वस्ती उठवू नका म्हणणारी. मी ‘अननस’च्या आधी ‘अन्याय’ वाचायला शिकले, पाढे लिहिले ते पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. ती पत्रकं पप्पा प्रेसचं काम संपवून तपासायचे असं मी धरून चालले होते. त्या दुपारी कळलं की तिसरा भाग तपासला त्या दिवशी पुस्तकाची आणि पत्रकाची, दोन्ही प्रूफं एकाच टेबलावर होती.

“वस्तीचं पत्रक सकाळी वाटायचं व्हतं,” ते म्हणाले. “ते तीनदा वाचलं. पुस्तक एकदा. पत्रकात एक चूक नव्हती बघ.”

पुस्तक छापून गेल्यावर चूक ध्यानात आली, तेव्हा प्रेसचा मालक म्हणाला होता, पोरांचं पुस्तक आहे, कुणाला कळतंय. पप्पांनी पत्रकांच्या उरलेल्या गुलाबी कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्याच्यावर नंबर छापून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी डिंकाची बाटली घेऊन सायकलवर निघाले. औरंगपुऱ्यातली दुकानं, शाळा, वाचनालयं. हर्सूलच्या जेलमध्ये दोन प्रती गेल्यात असं कळलं तर तिथंही गेले. शिपायानं विचारलं, एवढं काय अडलंय? पप्पा म्हणाले, “साहेब, आत बसलेल्याला निदान पुस्तकात तरी बाहेरचा रस्ता बरोबर दाखवा.” शिपाई हसला आणि त्यानं चिठ्ठ्या ठेवून घेतल्या. चिकटवल्या की नाही, ते पप्पांना अजून माहीत नाही.

भांडण्यासाठी मी वस्तीत प्रसिद्ध आहे. रेशन दुकानदार मला बघून काटा नीट करतो. त्या दुपारी मात्र काहीच आलं नाही. राग नाही, रडू नाही. मी चित्र पुसलं. चिठ्ठी काढायचं पान पुसलं. ‘डागी’ शब्द पुसला आणि त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून कर्सरकडे बघत बसले.

संध्याकाळी ॲडमिनला फोन केला. रविवारीही त्याची शिफ्ट होती, तो बसमध्ये होता. मी म्हटलं, दुरुस्त प्रत वरच्या वर्गात जाईल.

“ताई, असं कसं? प्रूफरीडर झोपला म्हणून तर पुस्तकाला किंमत आहे.”

“प्रूफरीडर माझे वडील आहेत.”

बसचा हॉर्न ऐकू आला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, “आहेत? मग त्यांची सही मिळेल का? अस्सल प्रतीवर?”

मी फोनवर हात ठेवून पप्पांना विचारलं. ते म्हणाले, “आण म्हणावं. नंबर खोडतो, बरोबर लिहितो, त्याच्याखाली सही करतो. लई खुशीनं.”

मी जसंच्या तसं सांगितलं. “नाही ताई,” तो म्हणाला, “मग प्रत वाया जाईल.”

दोन दिवसांनी ॲडमिननं मला ग्रुपमधून काढलं. वेबसाइट दुसऱ्या कुणी पूर्ण केली. अस्सल आणि डागी तसेच आहेत, वाफेची कृती आहे, झोपलेला माणूसही परत आला आहे. पप्पांनी तो एकदा बघितला आणि चहा गार झाला म्हणाले. मी चहा गरम करून आणला. त्याहून जास्त मला काही वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पण त्या प्रती कपाटांमध्ये आहेत, चिठ्ठ्या वाफेवर धरून ओढल्या जाताहेत आणि भुयार पुन्हा बंद होतंय. तुमच्याकडे तिसरा भाग असेल तर आज परिच्छेद ८८ उघडा. चिठ्ठी असेल तर तिला हात लावू नका. नसेल तर पेन घ्या, २१४ खोडा, २४१ लिहा आणि पुस्तक एखाद्या पोरीला किंवा पोराला वाचायला द्या.