रुसलेल्या सासऱ्यासाठी भोंगा

सौंसरला माझी सभा होती. त्याआधीच्या मुक्कामासाठी नागपूरहून रामाकोन्याला निघाले तेव्हा माझ्याजवळ पत्रकांचे दोन जाड गठ्ठे होते. मथळा: 'फिलिपाइन्सकडून धडा घ्या!' आधी रेडिओ, मग भाड्याची कॉमिक्स, मग टीव्ही, मग मोबाइल. एका अख्ख्या देशाने आपलं डोकं कसं पायरीपायरीने गहाण टाकलं, ते मी ठणकावून लिहिलं होतं. फिलिपिनो माणूस मात्र तोवर एकही पाहिला नव्हता.

पहिला भेटला तो रामाकोन्यात, आणि तोही ज्या घरी उतरले त्या घरची सून. घरचे चिरंजीव संदीपदादा कुवेतच्या हॉटेलात स्वयंपाकी होते, तिथे मारिसेलशी लग्न जमलं. मला हे कोणी आधी सांगितलंच नाही. तिने नवऱ्याकडून माझं पत्रक वाचून घेतलं आणि तरीही मला अदोबो (व्हिनेगरमध्ये शिजवलेली कोंबडी) वाढला. सोबत ज्वारीची भाकर. सासूबाईंनी सुनेची नजर चुकवून रश्श्यात तिखट ओतलं होतं. मी दोनदा मागून घेतलं.

घरात मात्र पेच पडला होता. दुसऱ्या दिवशी नातीचं नामकरण, नाव आजोबांनी ठेवायचं ठरलेलं, आणि नगरपालिकेतून निवृत्त झालेले हे आजोबा रुसून पांढुर्ण्याला लेकीकडे जाऊन बसलेले. ते बनियनवर घोरत असताना मारिसेलने व्हिडिओ काढून माहेरी दाखवायला टाकला होता. तो तिकडे तुफान चालला आणि फिरत फिरत सौंसरच्या पानठेल्यावर पोचला.

मी लगेच बोट उगारलं. हेच तर मी छापलंय, म्हणाले.

"छापलं ते बरोबरच आहे, ताई," मारिसेल अस्सल इथल्या बोलीत म्हणाली. "पण बाबा फोन उचलूनच नाही राहिले. तुमच्या कागदानं येतीन का?"

मग तिने तिच्या लहानपणचं सांगितलं. तिच्या बेटावर दुकानाच्या बाकावर बसून भाड्याची कॉमिक्स वाचायची, घरी न्यायची मनाई. संध्याकाळी शेजाऱ्याच्या खिडकीतून मालिका बघायची. पण रेडिओची गोष्ट वेगळी. घर सोडून गेलेल्यांसाठी लोक तिथे निरोप देत आणि निवेदक तो सगळ्या बेटांना वाचून दाखवी. तिचा बाप भांडून निघून गेला, तेव्हा आई रेडिओ केंद्रावर गेली होती. सगळ्या शेजाऱ्यांनी ऐकल्यावर त्याला तिकडे राहायचीही लाज वाटली. आला परत.

बोलता बोलता तिची नजर अंगणात गेली. तिथे माझा प्रचाराचा ऑटो उभा होता, टपावर भोंगा लावलेला.

मी स्पष्ट नाही म्हटलं. कर्कश भोंग्यांविरुद्धचं माझं पुढचं पत्रक लिहून तयार होतं. पण सासूबाई बाळाला घेऊन आधीच ऑटोत जाऊन बसल्या होत्या.

सौंसर मागे पडलं, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले. मारिसेल वाटभर निरोप पाठ करत होती. पांढुर्ण्याच्या बाजारात ऑटो कापसाच्या गाडीमागे अडकला, आणि नणंदेचं घर गल्लीच्या टोकाला दिसत असल्याने तिने तिथूनच माइक हातात घेतला.

"उवी ना पो, ताताय! (घरी या जी, बाबा!) पोरीचं नाव थांबून आहे. व्हिडिओ मी काढून टाकला. माफी द्या."

भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी ओरडलं, "जा ना बुढेबाबा, पोरगी कायले रडवता?" दार उघडलं. आजोबा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात तरातरा चालत आले. त्यांनी सुनेच्या हातून माइक घेतला.

"समस्त नागरिकांना सूचना. मी घोरून नव्हतो राहिलो. डोळे मिटून विचार करून राहिलो होतो."

मग सासूबाईंना सरकायला सांगून नात मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चाल. सौंसरच्या पानठेल्यावर थांबजो."

माझा ऑटो गेला, माझी सौंसरची सभा गेली. गठ्ठे कवटाळून मी पांढुर्ण्याहूनच नागपूरची गाडी धरली. मोबाइलबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. उलट झोपलेल्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं चित्रण करू नये, ही ओळ पत्रकात आता ठळक अक्षरांत आहे. भोंग्यांविरुद्धचं पत्रक तेवढं अजून छापायला दिलेलं नाही.